शरीर थांबलं तेव्हा मी जागी होते

हे मी मोबाइलवर एका बोटानं लिहितेय. उजव्या हाताचं पहिलं बोट. बाकीची बोटं हलतात, पण नेमक्या अक्षरावर पडत नाहीत. 'क' लिहायला जावं तर 'ख' उमटतो. एवढंसं लिहायला तीन महिने लागले. घाई कुणालाच नव्हती.

लिहा असं आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या. "या आजारातून उठलेलं माणूस पेशंटला दिसतच नाही. उठलेली माणसं घरी निघून जातात. आत पडलेल्याला वाटतं, असं फक्त माझंच झालंय."

मला झालेल्या आजाराचं नाव गुलियन बारे सिंड्रोम. हॉस्पिटलात सगळे जीबीएस म्हणतात. शरीराची रोगांशी लढणारी ताकद आपल्याच नसांवर उलटते. पाय, हात, चेहरा, श्वास असं एकेक बंद पडत जातं आणि बहुतेकांचं पुढे हळूहळू परत येतं. एवढं सांगितलं की पुरे. बाकीचं डॉक्टर सांगतील. मला सांगायचंय ते डॉक्टरांना माहीत नसतं.

मी नाशिकमधल्या सातपूरच्या कामगार कॉलनीत वाढलेली मुलगी. वडील कंपनीत लेथवर. शाळेत कबड्डी खेळायचे, आणि कॉलेजात एका सरांनी माझे खांदे बघून मला रग्बीत ओढलं. "रग्बी म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात ते का?" हा प्रश्न मी आयुष्यात हजार वेळा ऐकलाय. ते वेगळं. आमच्यात हेल्मेट नाही. मी पहिल्या ओळीत खेळायचे. आठ जणी एकमेकींना घट्ट धरून समोरच्या आठ जणींना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. त्यात पहिल्या ओळीतल्या मुलीचं डोकं समोरच्या मुलींच्या खांद्यांत अडकलेलं असतं आणि मागून पाच जणींचं वजन येतं. पंधरा वर्षं मी हे केलं. भारताची जर्सी पाच सामन्यांत घातली. चार हरलो, एक जिंकलो. मग गुडघा गेला, मी नाशिकला परतले आणि गंगापूर रोडवरच्या एका शाळेत पीटीची शिक्षिका झाले. लग्न केलं नाही. शाळेजवळच वन बीएचके घेऊन एकटी राहत होते, आणि मजेत होते. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून तुम्हाला उलटं वाटेल.

चार दिवस

सोमवारी पायांच्या बोटांना मुंग्या आल्या. दोन आठवड्यांपूर्वी पोट बिघडून गेलं होतं, त्याचाच अशक्तपणा असेल म्हटलं. मंगळवारी शाळेचा जिना चढताना कठडा धरावा लागला. बुधवारी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. खेळाडूला दुखणं अंगावर काढायची सवय असते. आम्हाला ते शिकवलेलंच असतं. तुटलेल्या बरगडीनं मी अर्धा सामना खेळले होते आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं. मुंग्यांसाठी डॉक्टरकडे जायचं मला सुचलंच नाही.

गुरुवारी मैदानावर शिट्टी ओठात धरली आणि फुंकली. हवा ओठांच्या कडेनं निसटून गेली. परत फुंकली, तरी वाजेना. मुलींना वाटलं मॅडम गंमत करतायत, त्या हसल्या. मीही हसले. तास संपल्यावर हात धुताना आरशात पाहिलं आणि परत हसून बघितलं. हसणं चेहऱ्यावर येतच नव्हतं. गाल जागचे हलत नव्हते.

शुक्रवारी सकाळी बाथरूमच्या दारात पडले. दुखलं नाही फारसं. पण उठायचं म्हटल्यावर कळलं की पाय माझ्या म्हणण्याप्रमाणे वागत नाहीत. कोपरांवर सरकत पलंगापर्यंत गेले आणि चादर ओढून फोन खाली पाडला. फोनमध्ये सहाशेच्या वर नंबर होते. पालक, दुकानदार, पंच, जुन्या मैत्रिणी. त्या यादीवरून बोट फिरवत मी जमिनीवर पडून राहिले आणि यातल्या कुणाला सांगावं तेच ठरेना. दिल्लीतल्या मैत्रिणीला सांगून काय होणार? मुख्याध्यापक बाईंना सांगितलं तर शाळेत बोभाटा. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांना लावला. त्यांच्याकडे माझी जादा किल्ली होती. त्यांच्याशी माझं कधी कचऱ्याच्या गाडीपलीकडे बोलणं झालं नव्हतं. काका-काकू दोघंही चप्पल न घालता वर आले.

सोबत कोण आहे

हॉस्पिटलातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी छोट्या हातोडीनं गुडघ्याखाली टकटक केलं. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर केलं, मग कोपरावर. मग हातोडी खिशात ठेवली.

"काय काम करता?"

"पीटी शिकवते. आधी रग्बी खेळायचे. भारताकडून."

"अरे वा," ते म्हणाले, आणि लगेच त्यांना ते म्हणायला नको होतं असं वाटलेलं दिसलं. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं आणि विचारलं, "सोबत कोण आहे तुमच्या?"

"शेजारी आहेत. घरचं कोणी नाही. सही मीच करते, द्या."

"सही तुम्ही कराल हो," ते हळू आवाजात म्हणाले. "पण दोन दिवसांनी काही विचारायची वेळ आली तर तुम्हाला कदाचित उत्तर देता येणार नाही. तेव्हा आम्ही कुणाला विचारायचं?"

तोपर्यंत मी घाबरले नव्हते. ते वाक्य ऐकलं आणि मी काकूंना सुधीरचा नंबर लावायला सांगितला.

माझा धाकटा भाऊ सुधीर सातपूरला आमच्या जुन्या घरात राहतो, कंपनीत क्वालिटीला आहे. त्याच्याशी मी तीन वर्षं बोलले नव्हते. कारण सांगते. वडिलांना अर्धांग झालं आणि ते दोन वर्षं अंथरुणावर होते. वाचाही गेली होती. त्यांचं सगळं केलं ते सुधीरच्या बायकोनं, मनीषानं. अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, सगळंच. मी रविवारी यायचे. सफरचंदं, चिकू, डाळिंबं घेऊन. पलंगाशेजारी खुर्चीवर तासभर बसायचे आणि जायचे. त्यांच्या तेराव्याला आलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "लेकीनं शेवटपर्यंत येणं सोडलं नाही हो." तेव्हा ताटं वाढता वाढता मनीषा म्हणाली, "फळं आणून देणं सोपं असतं, ताई." आवाज चढवला नाही तिनं. सगळ्यांनी ऐकलं. मी न जेवता निघाले ती परत गेलेच नाही.

काकूंनी माझ्या कानाशी फोन धरला.

"ताई?" सुधीर म्हणाला. त्यानं नंबर ठेवला होता.

"सुधीर, मी हॉस्पिटलात आहे रे."

"कुठल्या?"

एवढंच बोलणं झालं. चाळीस मिनिटांत तो कंपनीच्या कपड्यांत, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकत असलेला, समोर उभा होता. त्यानं कागदांवर सह्या केल्या. नात्याच्या रकान्यात 'भाऊ' लिहिताना त्याचा हात थांबला नाही, ते मी पाहिलं.

छत

दुसऱ्या दिवशी श्वास अपुरा पडायला लागला. बुडताना वाटेल तसं नव्हतं ते. दम लागत नव्हता, फक्त प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा थोडा लहान येत होता, आणि मी मोजत होते. मग घशात नळी घातली, जी पुढे गळ्याला छेद देऊन तिथून बसवली, आणि मला मशीनवर ठेवलं. पुढचे चौतीस दिवस मशीननं माझा श्वास घेतला.

लोक विचारतात, बेशुद्ध होतीस का? नव्हते. पहिले दोन-तीन दिवस गुंगीत गेले, नंतर मी पूर्ण जागी होते. हाताचं बोट हलत नव्हतं, ओठ हलत नव्हते, पापणी धड मिटत नव्हती म्हणून सिस्टर आळीपाळीनं एकेका डोळ्यात थेंब टाकून त्यावर चिकटपट्टी लावायच्या. पण डोकं स्वच्छ होतं. ऐकू येत होतं. मुंगीनं चावावं तसं दुखत होतं, स्पर्श कळत होता, नाकाच्या शेंड्याला खाज सुटली की ती अर्धा-अर्धा तास सुटत राहायची आणि खाजवायला हात माझाच असून माझा नव्हता.

आयसीयूत दिवे विझत नाहीत. वेळ कळते ती माणसांवरून. सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशी, मग डॉक्टरांचा राउंड, अकरा वाजता पंधरा मिनिटं भेटीची. मग दुपार. दुपारी तिथे कोणीच येत नाही. सिस्टर नोंदी लिहीत बसतात, एसी घरघरतो, शेजारच्या पलंगाचं मशीन एका लयीत टिकटिकतं. छताला चौकोनी पांढरे तुकडे होते, माझ्या टप्प्यात अठरा. त्यातल्या एकावर पाण्याचा पिवळा डाग होता. त्या डागाकडे मी इतकं पाहिलंय की आजही काढून दाखवीन. चार वाजता परत पंधरा मिनिटं भेट. म्हणजे चोवीस तासांत अर्धा तास. साडेतेवीस तास मी आणि डाग.

राउंडला मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना घेऊन यायचे. "नॅशनल टीमची प्लेयर होती," ते सांगायचे, "बघा, मसल बल्क किती चांगला होता." होता. मी तिथेच होते ना, चार फुटांवर. सगळे माझ्या मांड्यांकडे बघायचे. या मांड्यांवर मी भरवसा ठेवून जगले होते. लहानपणी लोक त्यांना हसले, मग त्याच मांड्यांनी मला परदेशात नेलं. आता त्या माझ्या डोळ्यांदेखत सुकत होत्या आणि अकरा जण उभं राहून टिपून घेत होते.

कुणी वाईट नव्हतं. ते पहिल्यांदा सांगायला हवं होतं. पण जो माणूस उत्तर देत नाही त्याच्याशी बोलायचं माणसं आपोआप बंद करतात. माझी कूस बदलताना दोन मावशी एकीच्या सुनेबद्दल बोलायच्या, अगदी माझ्या छातीवरून. मी ती गोष्ट रोज पुढे ऐकायचे. सून माहेरी गेली, मग परत आली. शेवट ऐकायच्या आधी त्या मावशींची ड्युटी बदलली.

आणि त्याच दिवसांत कधीतरी मला वडील आठवले. रविवारच्या त्या तासात मी त्यांच्या पलंगाशेजारी बसून स्वयंपाकघरातल्या मनीषाशी मोठ्यानं बोलायचे. शाळेचं, टीमचं, कुणाच्या लग्नाचं. त्यांच्या अंगावरून. त्यांच्याशी एक वाक्य बोललेलं मला आठवेना. फार शोधलं. वेळ होताच. एकही सापडलं नाही.

डोळे वर म्हणजे हो

गावित सिस्टर सुरगाण्याच्या. बारीक अंगाच्या, बोलणं तुटक. त्यांनी पहिल्यांदा ओळखलं की माझे डोळे हलतात. एका सकाळी चेहरा पुसताना त्या थांबल्या. "मॅडम, ऐकू येतंय ना? येत असलं तर वर बघा."

मी वर पाहिलं.

"बाजूला बघा."

पाहिलं.

"बरं. वर म्हणजे हो, बाजूला म्हणजे नाही." मग रुमाल पिळत म्हणाल्या, "नाक खाजतंय?"

मी वर पाहिलं. त्यांनी ओल्या रुमालानं नाक चांगलं खसाखसा पुसलं. आयुष्यात मला मिळालेल्या कुठल्याही मेडलची मी त्याच्याशी तुलना करणार नाही.

हे ऐकून सुधीर दुसऱ्या दिवशी एक तक्ता घेऊन आला. कंपनीत तो तपासणीचे तक्ते करतो, तसाच आखीव. क ख ग घ एक ओळ, च छ ज झ दुसरी. तो ओळीवर बोट ठेवणार, बरोबर ओळ आली की मी वर बघायचं, मग एकेक अक्षर. काना-मात्रा नाहीत. ते आम्ही अंदाजानं घ्यायचं.

मला एकच गोष्ट सांगायची होती. तीन दिवस माझा डावा कान डोक्याखाली दुमडला गेला होता. कूस बदलताना दुमडायचा आणि तसाच राहायचा. तुम्हाला हसू येईल. मशीनवर असलेल्या बाईला कानाचं काय पडलंय? पण बाकी सगळ्या भीतीची सवय झाली होती, कानाची होत नव्हती. तो तापलेल्या पत्र्यासारखा जळत होता.

"ड," सुधीरनं लिहिलं. "व. क. न." त्यानं कपाळ पुसलं. "डवकन. डॉक्टर? ताई, डॉक्टर हवेत?"

मी बाजूला पाहिलं.

"दवाखाना? दवाखान्याचं काही?"

बाजूला. पंधरापैकी तेरा मिनिटं संपली होती. वॉचमन दारातून हात करत होता. सुधीरच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. तो तसा नाही.

मनीषा तोवर त्याच्यामागे उभी होती. ती पहिल्यांदाच आत आली होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती. तिनं तक्त्याकडे पाहिलं, मग सुधीरला बाजूला सारलं, माझ्या डोक्याखाली हात घातला आणि कान सरळ केला.

"डावा कान," ती म्हणाली. "बाबांचाही व्हायचा."

फोनमधले चेहरे

माझ्या टीमच्या मुली देशभर विखुरल्यात. कुणी रेल्वेत, कुणी पोलिसात, कुणी तीन मुलांची आई. बातमी कळल्यावर ग्रुपवर रोज व्हिडिओ यायचे. सुधीर भेटीच्या वेळी दाखवायचा. एका रविवारी सगळ्यांनी ठरवून एकत्र व्हिडिओ कॉल केला. सुधीरनं फोन माझ्या तोंडासमोर धरला. चौकोनाचौकोनात बारा चेहरे, सगळ्या आरडाओरडा करतायत, मैदानावर करायचो तसा. मग त्यांना मी दिसले. गळ्यात नळी, डोळ्याला पट्टी, चेहरा सपाट. एकेक करून त्या गप्प झाल्या. कुणीतरी म्हणालं, "आराम कर हं." कॉल संपला.

त्यानंतर मेसेज कमी झाले. मला राग नाही. त्यांनी माझ्यात स्वतःचं शरीर पाहिलं असणार. पण त्या दुपारी मला स्क्रम आठवत होता. कानाशी दुसरीचा श्वास, मानेवर तिसरीचा घाम, आपण कुठे संपतो आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळायचं नाही. आणि इथे माझ्या सभोवती चार-चार फूट मोकळी हवा. रोशनी म्हणून माझी अगदी जवळची मैत्रीण आहे. ती पुण्याहून बस पकडून आली, आयसीयूच्या दारापर्यंत आली आणि आत न येता परत गेली. हे तिनं मला पुढे पाच महिन्यांनी सांगितलं. तिला ते सांगायला जेवढं जड गेलं, तेवढंच मला "असू दे" म्हणायला गेलं.

सातपूरचं घर

तिसाव्या दिवसाच्या आसपास उजव्या खांद्यात काहीतरी हललं. मग मशीन थोडा-थोडा वेळ बंद करायला लागले. स्वतःचा पहिला श्वास फार कष्टाचा आणि बेचव होता. गळ्यातली नळी निघाली तेव्हा आवाज आला तो एखाद्या म्हाताऱ्या बाप्याचा. वॉर्डात तीन आठवडे काढले आणि व्हीलचेअरवर बसून मी घरी गेले. माझ्या नाही, सुधीरच्या. दुसरा पर्यायच नव्हता.

पाच महिने मनीषानं माझं सगळं केलं. तिला कसब होतं. माणसाला पलंगावरून उठवताना पाठीत कुठे हात घालायचा, ओली चादर माणूस न उठवता कशी काढायची, घास कुठल्या गालात द्यायचा. ती गप्प राहून करायची. मी शिक्षिका, मला गप्प बसवत नाही, पण तिच्यासमोर शब्द सुचायचे नाहीत. एका सकाळी ती मला स्टुलावर बसवून अंघोळ घालत होती.

"मनीषा, तू बाबांचं एवढं केलंस आणि मी..."

"पाय उचला," ती म्हणाली.

उचलता येत नव्हता. तिनंच उचलून धुतला. नंतर केस पुसताना ती माझ्या मागे होती, तोंड दिसत नव्हतं, तेव्हा बोलली. "खरं सांगू का ताई? पहिले पंधरा दिवस मला तुमचा लय राग येत होता. यांना म्हटलं मी, परत माझ्याच वाट्याला. मी काय यासाठीच या घरात आले का?"

"बरोबर आहे तुझं."

"बरोबरच आहे." तिनं केसांना टॉवेल गुंडाळला. "मी प्रेमानं केलं असं नका समजू. करावं लागतं म्हणून केलं. आता सवय झाली, तर राग नाही येत एवढंच."

यापेक्षा जास्त ती कधी बोलली नाही. ती खोटं गोड बोलली असती तर मला त्या घरात राहवलं नसतं. आजारी माणसाला दिवसभर 'छान दिसतेस, लवकर बरी होशील' ऐकावं लागतं. खरं बोलणारं एक माणूस जवळ असलं की बरं वाटतं.

रुसवेफुगवे झालेच. सुधीर माझ्या फिजिओसाठी पहिली शिफ्ट बदलून घ्यायचा, त्यावरून त्या दोघांची भांडणं व्हायची आणि भिंत पातळ होती. मी पलंगावर पडून ऐकायचे. उठून जाता येत नसताना आपल्यावरून चाललेलं भांडण ऐकणं काय असतं, ते मी इथे लिहू शकत नाही.

परत गंगापूर रोड

वॉकर सुटून काठी आली तेव्हा मी माझ्या फ्लॅटवर परतले. मनीषा म्हणाली, "अजून महिनाभर थांबा." मी नाही म्हटलं. तिनं दोन डबे भरून दिले आणि जिन्यापर्यंत आली.

सात महिन्यांनी कुलूप उघडलं. वाटलं होतं, आता सगळं आपलं. तर तसं झालं नाही. आजाराआधी एकटं राहणं ही माझी निवड होती. आता तीच खोली, तीच खिडकी, पण मी दाराची कडी लावताना थांबायला लागले. पडले तर? शेवटी कडी लावायची नाही असं ठरवलं. पायांना अजून फरशी नीट कळत नाही, म्हणून चालताना खाली बघावं लागतं. कुणी समोरून आलं तर आधी त्याच्या चपला दिसतात. दोन्ही पायांत पोटरीपर्यंतचे प्लॅस्टिकचे आधार घालते. शाळेत माझ्या जागी नवा शिक्षक आलाय, चांगला आहे. मला परीक्षा विभागात बसवलंय. खिडकी मैदानाकडे उघडते. पहिल्या आठवड्यात मी खुर्ची फिरवून पाठ करून बसायचे. आता फिरवत नाही, पण फार वेळ बघतही नाही.

डॉक्टर म्हणतात, अजून सुधारेल. पळता येईल का, ते ते सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. हे वाचणारा कुणी या आजारात असेल तर त्याला खोटं सांगायचं नाही म्हणून लिहिते: परत येतं, पण पूर्वीचंच परत येत नाही. आणि बरं झाल्यावर एकटेपणा जातो असंही नाही. बाहेरून कुणाला दिसत नाही एवढाच फरक पडतो.

सहावा पलंग

मागच्या महिन्यात फिजिओच्या मॅडमनी फोन केला. आयसीयूत एक पेशंट होती, यमुना नावाची, तिशीतली, सुरगाण्याकडची. द्राक्षाच्या बागेत कामाला आली असताना पडली. जीबीएसच. "तुम्ही एकदा येऊन जाल का?" त्यांनी विचारलं. मी दोन दिवस टाळलं. आतला तो वास परत घ्यायची माझी तयारी नव्हती. तिसऱ्या दिवशी गेले.

यमुनाचा पलंग सहावा, भिंतीकडचा. नळी, पट्टी, सगळं तसंच. तिचा नवरा पायथ्याशी उभा होता, हातात टोपी, एखाद्या कचेरीत साहेबासमोर उभं राहावं तसा. मी तिच्या डोळ्यांसमोर जाऊन उभी राहिले, म्हणजे तिला मान न वळवता दिसेन.

"मी अशीच झोपले होते," मी सांगितलं. "चौतीस दिवस. आता चालत आले. काठीनं, पण चालत."

तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून काठीवर गेले. तिथेच थांबले.

नवऱ्यानं हळूच विचारलं, "ताई, हिला आयकू येतं का हो?"

"सगळं येतं."

"सगळं?" त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "मी पाच दिवस झालं, नुसता उभा राहून जातो. म्हटलं, झोपल्यावानी दिसते. आपुन बोलायचं तरी काय, येड्यासारखं."

"घरचं सांगा. काहीही. मोठ्यानं नको, जवळ जाऊन."

तो पायथ्यापासून उशाशी आला. वाकला. मशीन चालू होतं. मग म्हणाला, "बकरी व्याली." थांबला. "दोन पिल्लं हे. एक पांढरं, एक काळं. काळं लय वांड हे, पोरांना दूध काढू देत नाय."

यमुनाचे डोळे काठीवरून निघाले आणि त्याच्याकडे वळले.

भेटीची दहा मिनिटं उरली होती. मी बाहेर आले. आपापल्या माणसाची वाट बघणारे लोक दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. माझं आत कुणी नव्हतं आणि बाहेरही. तरी मी टोकाला जागा करून बसले.

वॉचमननं सगळ्यांना बाहेर काढलं तेव्हा तो सर्वांत शेवटी आला. घसा बसला होता त्याचा. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, टोपी घालायची विसरून.

"समदं सांगून झालं, ताई," तो म्हणाला. "उद्या काय सांगू?"